मेजर, मग पुढं काय झालं?

बारामती-इंदापूर भागात फौजेतून पेन्शनीवर आलेला माणूस गावाचा 'मेजर' होतो. तो शिपाई म्हणून बाहेर पडलेला असो, हवालदार म्हणून असो की सुभेदार म्हणून, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ऑफिसात, साखर कारखान्याच्या गेटवर त्याला हाक एकच, "काय मेजर!" जळोचीतही तेच. हे गाव आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आलं आहे. फळं-भाजीपाल्याच्या उपबाजारात पहाटेपासून टेम्पोंची ये-जा असते आणि त्याच वेळी भरतीची पोरं रस्त्याच्या कडेनं पळत असतात. हाकेतला मान खरा आहे. फौजेला या मातीत मान आहेच, त्याबद्दल शंका नको.

पण त्या हाकेनंतर बोलणं कुठं जातं ते पाहावं. पेन्शन किती बसली? कँटीनमधून फ्रीज स्वस्त पडतो का? आमच्या पोराची छाती दोन सेंटिमीटरनं कमी भरते, काही होईल का? मग १५ ऑगस्टला शाळेत झेंडा, शाल, श्रीफळ, आणि "मेजर, दोन शब्द बोला." ज्यानं सहा महिने बर्फात काढले, शेजारचा जोडीदार पडताना पाहिला, त्यानं दोन शब्दांत काय बोलायचं? मेजर उठतात, देशसेवेची संधी मिळाली हे भाग्य समजतो म्हणतात, आणि बसतात. टाळ्या होतात. घरी कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "त्यात काय सांगायचं, ड्यूटी होती."

हा लेख त्या न सांगितलेल्या गोष्टींबद्दल आहे. लढाईची गोष्ट माणसांना जोडते असं मी मानतो, आणि ते का मानतो ते मराठी माणसांच्याच उदाहरणांवरून दाखवायचं आहे. जोडण्याचं हे काम एकट्या सांगणाऱ्याच्या हातात नसतं. समोर बसून "मग पुढं?" विचारणारा लागतो. सांगणारे आपल्याकडे भरपूर आहेत. खोळंबा ऐकणाऱ्यांपाशी आहे.

आणि ही परिस्थिती बारामतीत यावी याचं मला जास्त वाटतं, कारण लढाई ऐकायची सवय या गावाला फार जुनी आहे. पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत आले आणि १७९४ मध्ये इथंच वारले. कऱ्हेकाठच्या या गावात बसून त्यांनी अख्खं महाभारत आर्यांत उतरवलं. त्या आर्या कीर्तनकारांच्या तोंडी गेल्या आणि गावोगावच्या देवळांत, अक्षर न वाचणाऱ्या माणसांपर्यंत कुरुक्षेत्र पोचलं. कीर्तनाच्या उत्तररंगात अभिमन्यू चक्रव्यूहात शिरायचा तेव्हा मंडपातल्या बायका डोळे पुसायच्या. त्या अभिमन्यूत त्यांना आपलं कोणीतरी दिसत असणार.

महाभारतातलं युद्ध मुळात आपल्यापर्यंत येतं तेच एका ऐकणाऱ्यामुळं. संजय रणावरून परत येतो आणि भीष्म पडले ही बातमी आधी सांगतो. धृतराष्ट्र कोसळतो, आणि मग विचारत सुटतो: कसं घडलं, कोण पुढं होतं, माझ्या पोरांनी काय केलं? भगवद्गीतेचा पहिला श्लोकसुद्धा प्रश्नच आहे, आंधळ्या बापानं विचारलेला. तो प्रश्न विचारला गेला नसता तर पुढचं काहीच सांगितलं गेलं नसतं.

पोवाड्याची बांधणी याच समजुतीवर आहे. शाहीर एकटा गात नाही. मागं झीलकरी असतात आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांचं 'जी जी रं जी' येतं. अज्ञानदासानं अफझलखानाचा वध गायला, तुळशीदासानं सिंहगड गायला, तेव्हापासून ही रीत आहे. झीलकऱ्यांची ती साथ म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्या गावाचा हुंकार. आजी गोष्ट सांगताना नातवंडाला "हुं म्हण" सांगते ते याचसाठी. इंदापूरकर आपल्या गढीकडं बोट दाखवून शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथल्या लढाईत पडले असं सांगतात, तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच्या मरणाशी आजच्या गावाचं नातं लागतं. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट आपण अशी जपतो आणि शेजारच्या गल्लीतल्या १९७१ च्या माणसाला काही विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

१९७१ चीच गोष्ट घेऊ. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, त्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानात जमालपूरसमोर होती. पलटणीचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. शहरात ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण, तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. ९ डिसेंबरला भारतीय ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र पाठवलं. ते घेऊन गेला मुक्तिवाहिनीचा एक वयस्कर माणूस, सायकलवरून, पांढरं निशाण लावून. उत्तर आलं. कागदाबरोबर बंदुकीची एक गोळी होती, आणि मजकुराचा आशय असा, की पुढच्या भेटीत आपल्या हाती लेखणीऐवजी स्टेनगन दिसावी. सुलतान अहमदांनी लढायचं ठरवलं होतं. १० डिसेंबरच्या रात्री त्यांची तुकडी शहरातून निसटायला निघाली आणि थेट मराठ्यांनी अडवून धरलेल्या रस्त्यावर आली. रात्रभर लढाई झाली. पहाटेपर्यंत त्या रस्त्यावर पाकिस्तानी सैनिकांची प्रेतं पडली होती. सुलतान अहमद स्वतः थोड्या लोकांसह ढाक्याकडं निसटले.

ही गोष्ट पलटणीत आजही सांगितली जाते, आणि मला तिच्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पलीकडच्या अधिकाऱ्याचं ते उत्तर तिच्यातून कुणी गाळलेलं नाही. गोळी पाठवणाऱ्याची हिंमत जिंकणाऱ्यांनीच जपून ठेवली. शत्रू भेकड होता असं सांगितलं असतं तर आपल्या पोरांच्या त्या रात्रीच्या झुंजीचं मोल काय राहिलं असतं?

पुढचा धागा तर याहून विलक्षण आहे. ११ डिसेंबरला दुपारनंतर टांगाईलजवळ आकाशातून छत्र्या उतरल्या. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची २ पॅरा ही बटालियन पुंगली पूल धरायला उतरली होती. जमालपूरकडून रस्ता कापत आलेली जंगी पलटण तिला जाऊन मिळाली. आता ही २ पॅरा म्हणजे कोण? छत्रीधारी होण्याआधी ती मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. परक्या मुलखात, पुलाच्या तोंडाशी भेटलेल्या त्या दोन पलटणी मुळात एकाच घराच्या. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय तुकड्यांत २ पॅरा होती.

आणि याच तिसऱ्या बटालियनचा एक नाईक सत्तावीस वर्षं आधी इटलीत पडला होता. यशवंत घाडगे, कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या माणगाव भागाचा मुलगा, वय २२. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्याच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला. त्याच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. तो एकटा पुढं धावला, ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझीन संपलं तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्यांनी तोही तिथंच गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या त्या मोहिमेत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले, ५,७८२ परतले नाहीत. तिथं दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे होते.

हे सगळं इटलीतल्या माणसांनी विसरून जायला काही हरकत नव्हती. पण माँतोने नावाच्या छोट्या गावानं जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगेंच्या नावानं स्मारक उभारलं, आणि ते आहे सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचं लॅटिन वचन त्यावर आहे. माणगावच्या पोरानं ज्या डोंगरात जीव दिला तिथल्या लोकांनी त्याची गोष्ट आपली मानली. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण या दोन गावांतल्या शाळकरी मुलांना एकमेकांची गावं ठाऊक आहेत का? व्हिडिओ कॉलच्या जमान्यात हे अवघड नाही.

दुसरे मराठी व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नामदेव जाधव वाचले. ते नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून एकापाठोपाठ एक उचलून आणलं, मशीनगनचे मोर्चे मोडले, आणि शेवटी नदीच्या बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना हात केला. ते १९८४ पर्यंत होते. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस महाराष्ट्रात आपल्यामध्ये वावरला. सेनिओच्या बांधावर उभं राहताना मनात काय होतं, हे त्यांच्या तोंडून ऐकायला आपल्याला चाळीस वर्षं मिळाली होती.

पलटणीतल्या माणसांत ही देवघेव आपोआप होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या केंद्रात ४ फेब्रुवारीला तानाजीचा कोंढाणा आठवला जातो आणि भरती झालेलं पोरगं पहिल्या वर्षातच १६७० सालच्या त्या रात्रीचा वारसदार होतं. इंदापूरचा, चंदगडचा, कारवारचा, नांदेडचा, सगळे एका गोष्टीत बसतात. खरी अडचण गावी आल्यावर सुरू होते. तिथं ती गोष्ट ओळखणारं कुणी नसतं.

आता मला ज्या भेटीबद्दल सांगायचं आहे ती या सगळ्या विषयाचं टोक आहे. १८१७ साली उभ्या राहिलेल्या घोडदळातून आलेली पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट. १९६५ च्या चविंडाच्या लढाईत याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर पडले. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत, १६ डिसेंबरला, तिचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पडला. जन्म पुण्याचा, वय एकवीस, रणगाडा पेटलेला असताना बाहेर यायला नकार दिलेला. दोघांनाही परमवीरचक्र.

तीस वर्षांनी, २००१ मध्ये, अरुणचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल पाकिस्तानात गेले. ते ८१ वर्षांचे होते आणि फाळणीत सुटलेलं आपलं जन्मगाव सरगोधा त्यांना एकदा बघायचं होतं. लाहोरात त्यांच्या सरबराईला पाकिस्तानी लष्करातले निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर होते. घरच्या माणसासारखी बडदास्त ठेवली. निघायच्या आदल्या रात्री नासेर म्हणाले, तुम्हाला एक सांगायचं आहे, बरीच वर्षं सांगायचं राहिलं. बसंतरला तुमच्या मुलासमोर मी होतो. त्याचा रणगाडा माझ्या हातून गेला. त्यांनी अरुणच्या शौर्याबद्दल सांगितलं, तो किती निर्भयपणे लढला ते सांगितलं.

बापानं काय केलं असेल? ते ऐकत राहिले. दोघेही सैनिक होते, दोघांनीही आपलं काम केलं, हे त्यांनी समजून घेतलं. मुलाच्या शेवटच्या क्षणांचा पलीकडच्या बाजूचा साक्षीदार त्यांच्यासमोर बसला होता. नासेर यांनाही तीस वर्षं उरावर घेतलेलं ओझं उतरवायला जगात एकच माणूस होता. ती दोन माणसं एकमेकांना भेटली, एवढंच झालं. पण त्याहून मोठं काय होऊ शकतं ते मला सुचत नाही.

महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात पुत्रदर्शनाचा प्रसंग आहे. युद्ध होऊन वर्षं लोटलेली असतात, धृतराष्ट्र-गांधारी-कुंती वनात असतात, आणि एका रात्री व्यास गंगेच्या पाण्यातून रणात पडलेल्या सगळ्यांना बाहेर आणतात. कर्ण पांडवांना भेटतो, दुर्योधन भावंडांना भेटतो, कुणाच्या मनात वैर उरलेलं नसतं. युद्धाचं वर्णन करून व्यास थांबले नाहीत. मेलेले आणि मागं राहिलेले, मारणारे आणि मरणारे एकत्र बसल्याशिवाय युद्ध संपत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. लाहोरच्या त्या घरात जे घडलं ते मला याच ओळीतलं वाटतं.

न बोललेलं आत काय करतं, याचा विचार पहिल्या महायुद्धात डॉक्टरांनीही केला. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर मनानं खचलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांवर उपचार करत. तेव्हाचा सर्वसाधारण सल्ला "विसरा, दुसरीकडं मन रमवा" असा होता. रिव्हर्सचा अनुभव उलटा होता: दिवसभर दाबून ठेवलेलं रात्री स्वप्नात येतं; बोलून मोकळं झालेल्याला झोप लागते. १९१८ मध्ये त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. पुढं व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांबरोबर बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या जॉनथन शे यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात होमरच्या अकिलीसशी त्यांची सांगड घातली आणि आणखी एक गोष्ट पुढं केली: नुसतं बोलून भागत नाही, ऐकणारा समाज विश्वासाचा लागतो. जो लगेच निवाडा देणार नाही, मध्येच उपदेश करणार नाही, आणि ऐकून झाल्यावर सोडून जाणार नाही.

आपल्याकडं हे पाहायचं तर पुण्याजवळ खडकीला जावं. तिथं जखमी सैनिकांना नवं कसब शिकवणारी, १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे आणि कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. चाकाच्या खुर्चीवरचे बास्केटबॉलचे सामने, तोंडात कुंचला धरून रंगवलेली चित्रं, यांबद्दल अनेकांनी लिहिलं आहे. मला तिथलं एक वेगळं वैशिष्ट्य मोलाचं वाटतं: शेजारच्या खाटेवरच्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

बाहेरच्या जगाला मात्र सगळं समजावून सांगावं लागतं आणि त्याला किती उशीर लागतो याचं उदाहरण म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा फौजेत मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्याला गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकून राहिली, कमरेखालचं अंग गेलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यानं सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. 'चंदू चँपियन' हा चित्रपट आला २०२४ मध्ये, आणि तेव्हा कुठं मराठी घराघरांत हे नाव गेलं. बावन्न वर्षं. एवढा काळ ही गोष्ट पुण्यात होती, तिचा नायक धडधाकट बोलत होता.

चांगल्या सांगणाऱ्याला चांगला श्रोता मिळाला तर काय होतं, ते हवाईदलातले वैमानिक दिलीप परुळकर यांच्या बाबतीत दिसलं. १९७१ मध्ये त्यांचं विमान पडलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये परुळकर, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे भिंत फोडून पळाले, बसनं पेशावर, तिथून पुढं खैबरच्या वाटेनं लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सीमा काही मैलांवर. त्यांनी तिथं लंडी खानाला जायला गाडी मिळेल का असं विचारलं आणि फसले. नकाशावर असलेलं ते रेल्वे स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलं होतं. स्थानिक माणूस ते नाव घेत नसे. पकडल्यावर परुळकरांनी प्रसंगावधान राखून पाकिस्तानी हवाईदल प्रमुखांच्या एडीसीला फोन लावायला सांगितलं, कारण तो अधिकारी आधी त्यांच्याच छावणीचा प्रमुख होता. त्यानं ही माणसं आमची आहेत, त्यांना धक्का लावू नका असं कळवलं, आणि जीव वाचले. १ डिसेंबर १९७२ ला सगळे कैदी वाघ्यावरून परत आले. परुळकर पुढं हे हसतहसत सांगत. त्यावर इंग्रजीत पुस्तक झालं, चित्रपट झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते गेले, पण गोष्ट मागं ठेवून गेले. ती ऐकणाऱ्याच्या मनात पाकिस्तानही एक सपाट चित्र राहत नाही; त्यात एक फोन उचलणारा अधिकारी येतो.

घरातल्या बायकांच्या लढायांकडं तर आपण अजून वळलोच नाही. सुट्टी संपवून नवरा निघाला, की पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली ट्रंक एसटीच्या टपावर चढायची आणि मागं राहायची सासू, दोन पोरं आणि उसाची पाळी. इनलँड पत्र पोस्टमननं किंवा मास्तरांनी वाचून दाखवायचं, म्हणजे नवऱ्याचं खासगीतलं वाक्यही तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. तार आली म्हटलं की न उघडताच रडारड. या बायकांना कुणी शाल-श्रीफळ देत नाही आणि "त्या दिवसांत कसं काढलंत?" असंही विचारत नाही. कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या, म्हणून त्यांच्याकडं माध्यमांचं लक्ष गेलं. ज्या घरीच राहिल्या, शेती केली, पोरं शिकवली, त्यांच्या गोष्टीत युद्ध काही कमी नाही.

युद्धकथा माणसांना तोडतेही, हे लपवून चालणार नाही, आणि पुणे जिल्ह्यात तर नाहीच. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं पडलेल्यांची ४९ नावं आहेत, त्यांतली २२ महार सैनिकांची. १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले आणि शतकानुशतकं दबलेल्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या शौर्याचा पुरावा दगडावर कोरलेला मिळाला. आज तिथं लाखोंची गर्दी होते, तिच्यामागं ही आच आहे. २०१८ च्या १ जानेवारीला त्याच परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली. दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईवरून आजचे शेजारी एकमेकांसमोर उभे राहतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी अर्धीच गोष्ट ऐकलेली असते. पेशव्यांच्या बाजूनं लढणाऱ्यांत अरबही होते, गोसावीही होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना त्या काळात गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्यांच्या तोंडून ती लढाई एकदा शांतपणे ऐकली, तर तिच्याकडं बघायची नजर बदलते.

उलट पानिपत बघा. १४ जानेवारी १७६१ चा एवढा मोठा पराभव. आपल्या बोलण्यात 'पानिपत झालं' असा मुरून गेलेला. हरियाणातला रोड समाज स्वतःला त्या रणातून मागं राहिलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो. कोल्हापूरचे अभ्यासक वसंतराव मोरे यांनी त्यावर लिहिलं, आणि आता संक्रांतीला पानिपतच्या काला आंबला हरियाणातली आणि महाराष्ट्रातली माणसं एकत्र जमतात. वंशाचा धागा इतिहासकारांनी तपासत राहावा. मला दिसतं ते हे, की जिंकलेल्या लढाईनं जे झालं नाही ते हरलेल्या लढाईनं केलं. दुःख सांगणाऱ्याला पाहुणा म्हणून घरात घेणं सोपं जातं.

भरतीच्या पोरांना याच गोष्टी ऐकायला मिळायला हव्यात. त्यांच्या मोबाइलवर रीळ आहेत, धगधगती गाणी आहेत, स्लो मोशनमधले स्फोट आहेत. जळोचीच्या रस्त्यावर पळणाऱ्या पोराला शेजारच्या मेजरनं एकदा सांगितलं पाहिजे, की पहिल्या रात्री पोस्टवर हात कसे थरथरत होते, जोडीदार गेल्यावर त्याच्या घरी पत्र कुणी लिहिलं, समोरच्या पोस्टवरची माणसं सकाळी चहा करताना कशी दिसायची. यानं कुणाचा जोश कमी होत नाही. कशासाठी निघालोय हे डोळे उघडे ठेवून कळतं.

सातारा तालुक्यातलं आपशिंगे गाव 'मिलिटरी' आपशिंगे म्हणून ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले. इंग्रज सरकारनं तिथं स्मारक उभारलं. महाराष्ट्रात अनेक गावांच्या वेशीवर, शाळेच्या भिंतीत अशा संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर आकडा आहे. त्याच महायुद्धातल्या कूतच्या वेढ्यात भुकेनं काय झालं, २९ एप्रिल १९१६ ला शस्त्रं खाली ठेवताना पलटणीतली पोरं एकमेकांशी काय बोलली, हे त्या पाटीला माहीत नाही, कारण परत आलेल्यांना तेव्हा कुणी बसवून विचारलं नाही.

हे करता येतं, याचा दाखला पुण्यातच आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बायकांनाही आधी वाटायचं, आमच्याकडं काय आहे सांगण्यासारखं. विचारणारा आला आणि एवढा ठेवा निघाला. माजी सैनिकांच्या गोष्टींसाठी एवढी मोठी यंत्रणाही नको. प्रत्येक खिशात रेकॉर्डर आहे.

म्हणून ही विनंती. या दिवाळीत तुमच्या गल्लीत, भावकीत, मळ्यात एखादे मेजर असतील तर फराळाचं ताट घेऊन जा आणि तासभर बसा. पराक्रम विचारू नका. जेवायला काय मिळायचं, थंडीत पाय कसे टिकवले, शेजारी कोण होता आणि तो आता कुठं आहे, इथून सुरुवात करा. ते थांबले तर थांबू द्या. घरात मावशी, काकू असतील तर त्यांनाही विचारा. परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, पलटणीचं नाव, साल आणि ठिकाण लिहून ठेवा. एक प्रत घरच्यांना द्या, एक गावच्या शाळेला. १९६५ ला लढलेले आज ऐंशीच्या पुढं आहेत. १९७१ मध्ये विशीत असलेले पंचाहत्तरीला आले आहेत. पुढच्या दिवाळीची वाट बघू नका.